खोकला आधी ऐकायचा

आष्टी तालुक्यात कुणाला पक्षाघाताचा झटका आला की गाडी आधी नगरच्या रस्त्याला लागते. जिल्हा बीड, पण आमच्या भागाचा ओढा पहिल्यापासून पश्चिमेला. बाजार नगरचा, शिक्षण नगरचं, मोठा दवाखानाही नगरचाच. आता त्या शहराचं नाव अहिल्यानगर झालं आहे, २०२२च्या सप्टेंबरपासून आष्टीहून तिकडे रेल्वेही जाते, पण पेशंट नेताना लोक अजून ‘नगरला हलवलं’ असंच म्हणतात. आठ-पंधरा दिवसांनी तो माणूस घरी परत येतो. एक बाजू लुळी, बोलणं गेलेलं, गिळता येत नाही म्हणून नाकात नळी. सोबत फाईल, गोळ्यांची पिशवी आणि दर दोन-अडीच तासांच्या फीडचा कागद. नळीतून पेज कशी सोडायची हे वॉर्डातल्या सिस्टरने सुनेला किंवा मुलीला दाखवलेलं असतं. औषध कसं द्यायचं हे मात्र बहुतेक वेळा घाईत राहून जातं. आणि घरी आल्यावर काही दिवसांत खोकला सुरू होतो.

मी परिचारिका. सुरुवातीची वर्षं नगरच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात काढली. नंतर घरच्या कारणाने आष्टीला आले आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरोघर जाऊन रुग्णसेवा करायला लागले. आष्टी, कडा, धानोरा, दौलावडगाव या पट्ट्यात नळी बदलणं, पाठीच्या जखमांचं ड्रेसिंग, लघवीची पिशवी, हे माझं रोजचं काम. या सगळ्या वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच: ‘सिस्टर, खोकल्याचं औषध नळीतून दिलं तर चालतं का?’

चालतं. पण त्या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आधी मी खाटेजवळ बसते आणि खोकला ऐकते. कधी येतो, फीड चालू असताना की नंतर? आडवं केल्यावर येतो का? कोरडा आहे की आत घरघरतंय? धडधाकट माणसाचा खोकला त्याला त्रास देतो, एवढंच. नळीच्या माणसाचा खोकला हा त्याच्या श्वासनळीच्या दारावरचा राखणदार असतो. लाळ, पोटातून वर आलेलं दूध, चुकीच्या वाटेला लागलेलं पाणी, यातलं काहीही फुप्फुसाकडे जायला लागलं की तो ओरडतो. ज्याला बोलता येत नाही त्याच्याकडे सांगायला दुसरा आवाज नसतो. त्याचं म्हणणं समजून न घेता बाटली आणून त्याला गप्प केलं तर आपण माणसाचं नुकसान करतो.

दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. उचल घेतलेली असते, जावंच लागतं. गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं. अशाच एका वस्तीवर एका आजीचं सगळं त्यांची नववीतली नात बघत होती. पेज वस्त्रगाळ करणं, फीड, कूस बदलणं, सगळं वेळच्या वेळी. चार दिवसांपासून आजी प्रत्येक फीडला खोकत होत्या. पोरीने गावातल्या दुकानातून सिरप आणलं आणि दिवसातून तीनदा नळीतून सोडत होती. खोकला थांबेना. मी आजींच्या नाकाशी पाहिलं, तर नळी चांगली वीतभर बाहेर आलेली. पोर म्हणाली, ‘मावशी, रातच्याला आजीनं नळी वढली व्हती. मी परत आत सारली अन् पट्टी चिटकवली.’

थोडीशी आत सारली होती, तेवढ्याने ती पोटात पोचणार नव्हती. पेज आणि सिरप दोन्ही अन्ननलिकेतच पडत होतं आणि वर येत होतं. खोकल्याचं कारण तेच होतं आणि औषधाचा प्रत्येक डोस त्यात भर घालत होता. फीड लगेच थांबवलं, डॉक्टरांना फोन केला, नळी नवीन घातली, छातीचा फोटो काढून घेतला. दोन दिवसांत खोकला ओसरला, सिरप एक थेंबही न देता. त्या पोरीने नंतर नळीवर नाकपुडीपाशी लाल नेलपॉलिशची रेघ मारून ठेवली. रेघ दिसेना किंवा बाहेर आली, तर काहीही द्यायचं नाही आणि सरकलेली नळी हाताने आत ढकलायची नाही, हे तिला एकदा सांगितलं ते पुरलं. आता प्रत्येक घरात मी तशी रेघ मारायला लावते.

नळी जागेवर आहे का हे बघायची एक जुनी रीत आहे: पोटावर स्टेथोस्कोप ठेवायचा, सिरिंजने हवा सोडायची आणि गुडगुड आवाज आला की समजायचं पोटात आहे. आम्हाला शिकताना तीच शिकवली होती. नंतर कळलं की नळी अन्ननलिकेत किंवा अगदी फुप्फुसात असली तरी तसला आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. म्हणून त्यावर विसंबायचं नाही. नवीन नळी घातली की एक्स-रे हा खात्रीचा मार्ग. घरी रोज बघण्यासाठी सिरिंजने पोटातलं पाणी थोडं ओढायचं आणि कागदाच्या पट्टीवर त्याचं आम्ल तपासायचं. पीएच साडेपाच किंवा त्याहून कमी आला तर नळी पोटात आहे असं धरता येतं. आम्लपित्ताची गोळी चालू असेल तर हा आकडा फसवू शकतो, ते लक्षात ठेवावं लागतं. ज्या इंग्रज डॉक्टरच्या नावाने आपण हिला राइल्स ट्यूब म्हणतो, त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ती काढली तीच मुळी पोटातलं आम्ल तपासायला. फीडसाठी ती नंतर वापरात आली. पट्टी हाताशी नसेल तर निदान रेघ बघा, तोंड उघडून घशात नळीचं वेटोळं झालं नाही ना ते बघा, आणि शंका असेल तर काहीही सोडू नका. एक डोस चुकल्याने खोकला वाढत नाही. फुप्फुसात गेलेला एक डोस मात्र माणसाला परत नगरला नेतो.

घरगुती उपायांबद्दल मी आजीबायांशी कधी वाद घातला नाही. मध, अडुळसा, ज्येष्ठमध, सुंठ, हळदीचं दूध यावर आपण सगळे वाढलो. पण मधाचं काम घशात असतं. तो घशावरून हळूहळू उतरतो, खवखवलेल्या जागेवर बसतो, म्हणून बरं वाटतं. नळीतून सोडलेला मध घशाला शिवतसुद्धा नाही, सरळ पोटात जातो. बाजारातल्या गोड सिरपचंही तेच: त्यातला घशाला आराम देण्याचा भाग नळीत वाया जातो आणि उरतं ते फक्त रक्तात उतरणारं औषध. हे पटलं की घरातली निम्मी घाई कमी होते. काढ्याचा चोथा नळीत अडकतो तो वेगळाच. कितीही गाळला तरी सुंठीची पूड तळाशी बसतेच. पंढरपूरची पायी वारी केलेल्या एका म्हाताऱ्या बाई मला म्हणाल्या होत्या, ‘मग त्यांच्या घशाला मी द्यावं तरी काय?’ त्यांना मी ओल्या कापसाने ओठ आणि जीभ पुसायला सांगितलं. तोंडाने काही खात नाही म्हणजे तोंड स्वच्छच असणार असं लोक धरून चालतात. उलट, न वापरलेल्या तोंडात जंतू जास्त साठतात आणि लाळेबरोबर छातीत उतरतात. दिवसातून दोन-तीनदा मऊ ब्रशने किंवा गॉजने तोंड साफ केलं, डोक्याकडची बाजू उंच ठेवली, दर दोन तासांनी कूस बदलली, छाती-पाठ थोपटली, तर अनेकांचा खोकला औषधाशिवाय कमी झालेला मी पाहिला आहे.

माझ्या कामाची दिशा बदलली ती एका नानांमुळे. साठीतले गृहस्थ, झटक्यानंतर नळीवर. खोकल्याने घर रात्रभर जागं असायचं. नातेवाइकांपैकी कुणी तरी जोरदार सिरप आणून दिलं आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांनी आनंदाने सांगितलं, नाना शांत झोपले, खोकला पार गेला. मी गेले तेव्हा नाना खरंच झोपले होते. उठवलं तरी डोळे अर्धवट उघडत होते आणि श्वासागणिक घशात पाणी वाजत होतं. कफ तसाच होता, तो बाहेर फेकायची ताकद तेवढी झोपली होती. तिसऱ्या दिवशी ताप भरला. न्यूमोनिया. नाना वाचले, पण परत आले ते आणखी खंगून. त्या घरातली शांतता मला अजून आठवते. तेव्हापासून बाटलीचं लेबल भिंगाने वाचल्याशिवाय मी कुणालाही हो म्हणत नाही.

त्या बारीक अक्षरांत बरंच काही असतं. कोडीन आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन खोकल्याची उबळच दाबतात. कफ असलेल्या, गिळता न येणाऱ्या माणसाला ती डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय द्यायचीच नाहीत. कोडीन श्वास मंदावतं आणि पोट घट्ट करतं. डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं मन उदास होण्यावरच्या काही गोळ्यांशी वाकडं आहे आणि झटक्यानंतर त्या गोळ्या बऱ्याच जणांना चालू असतात. क्लोरफेनिरामाइनने झोप येते, कफ वाळून चिकट होतो, म्हाताऱ्या पुरुषांना लघवी अडते. फिनाइलएफ्रिन रक्तदाब वाढवतं, आणि हे औषध आपण बीपीने झटका आलेल्या माणसाला देत असतो. सर्दी-खोकल्याच्या अनेक बाटल्यांत पॅरासिटामॉल असतं आणि तापाची गोळी कुटून वेगळी चालूच असते. दोन्ही मिळून मात्रा कुठे जाते ते कुणी मोजत नाही. कफ पातळ करणारी औषधं, म्हणजे अँब्रॉक्सॉल, ब्रोमहेक्झिन, असिटाइलसिस्टिन यांना डॉक्टर बऱ्याचदा हो म्हणतात. पण कफ पातळ झाला की तो काढणार कोण, हाही प्रश्न उभा राहतो. सक्शन मशीन घरात असावं लागतं आणि वीजही असावी लागते. रात्री लाईट गेल्यावर काय करायचं ते आधी ठरवून ठेवावं लागतं.

एका शिक्षकांच्या घरी कोरडा खोकला महिनाभर चालू होता. खिडकीत रिकाम्या बाटल्यांची ओळ लागलेली. छाती साफ, ताप नाही, नळी जागेवर, फीडशी काही संबंध नाही. मी फाईल उघडली आणि बीपीची गोळी पाहिली: रॅमिप्रिल. या जातीच्या गोळ्यांनी काही लोकांना असाच टिकटिकणारा कोरडा खोकला होतो. त्यावर जगातलं कोणतंही सिरप चालत नाही. डॉक्टरांना कळवलं, त्यांनी गोळी बदलली, काही आठवड्यांत खोकला थांबला. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर क्षयाची तपासणी करून घ्यायची, ती सरकारी दवाखान्यात फुकट होते, हेही मी प्रत्येक घरात सांगते. आजारी माणूस आधीच खाटेवर आहे म्हणून त्याला दुसरा आजार होत नाही असं नसतं, आणि घरात लहान लेकरं असतात.

आता प्रत्यक्ष औषध सोडायचं ते कसं. माणसाला उशा लावून बसतं करायचं, निदान पाठ अर्धी उभी राहील इतकं. हात धुवायचे. रेघ बघायची. फीड थांबवायचं. पन्नास मिलीची मोठी सिरिंज घ्यायची, कारण लहान सिरिंजने दाब फार होतो आणि नळी फुटू शकते. आधी वीस-तीस मिली उकळून गार केलेलं पाणी सोडायचं. सिरप चमच्याने मोजायचं नाही. आमच्याकडे चमचा म्हणजे चहाचा, भाताचा, औषधाच्या टोपणाचा, काहीही. सिरिंजवरच्या आकड्याने मोजायचं आणि निदान तितकंच पाणी घालून पातळ करायचं. घट्ट गोड सिरप तसंच पोटात गेलं की मळमळ होते, पोट फुगतं, जुलाब लागतात. सिरिंजचा दट्ट्या काढून नळी वर धरायची आणि आपल्या वजनाने उतरू द्यायचं, जोर करायचा नाही. मग पुन्हा पाणी. दुसरं औषध असेल तर मध्ये थोडं पाणी सोडून ते वेगळं द्यायचं, सगळ्या गोळ्यांची एकत्र खिचडी करायची नाही. शेवटच्या पाण्यानंतर अर्धा-पाऊण तास माणसाला आडवं करायचं नाही. किडनी किंवा हृदयाचा पेशंट असेल तर या सगळ्या पाण्याचा हिशेब दिवसाच्या पाण्यात धरायचा. लहान मुलांना पाणी फार कमी, ते डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच.

सिरप दुधाच्या फीडमध्ये मिसळून देणारी घरं बरीच आहेत, एका दगडात दोन कामं होतात म्हणून. तिथे मी काही बोलत नाही. काचेच्या पेल्यात फीड घेते, त्यात सिरप टाकते आणि पाच मिनिटं ठेवते. काही सिरपं आंबट गुणाची असतात. दूध नासतं, गुठळ्या होतात. हीच गुठळी नळीत बसली की नळी बंद, हे मग समजावून सांगावं लागत नाही. फिटची काही औषधंही फीडसोबत दिली तर अंगात नीट उतरत नाहीत. त्यासाठी फीड आधी आणि नंतर किती वेळ थांबवायचं ते डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यायचं.

गोळ्यांचं तर फारच सांभाळावं लागतं. गोळीच्या नावापुढे एसआर, सीआर, एक्सआर किंवा रिटार्ड लिहिलेलं असेल तर ती खलबत्त्यात घालायची नाही. ती दिवसभर थोडी थोडी सुटावी म्हणून बनवलेली असते. कुटली की दिवसाची मात्रा एका तासात अंगात जाते. दम्याच्या रिटार्ड गोळीने छाती धडधडून हात कापणारा माणूस मी पाहिला आहे. खोकल्यासाठी मोत्यासारख्या मऊ कॅप्सूलही येतात, त्या टोचून किंवा फोडून नळीत सोडणं धोक्याचं, कारण आतलं औषध बधिर करणारं असतं. असिटाइलसिस्टिनची फसफसणारी गोळी नळीला बरी, पण फेस पूर्ण बसेपर्यंत थांबायचं, नाहीतर पोटात वायू भरतो.

एका मधुमेही काकूंना जुलाब लागले तेव्हा घरच्यांनी पेज बंद केली, मग दूध, मग डाळीचं पाणी. काकू उपाशी पडल्या आणि जुलाब चालूच. त्यांना खोकल्याचं, तापाचं आणि आणखी एक अशी तीन शुगर-फ्री सिरपं चालू होती. साखरेऐवजी त्यात सॉर्बिटॉल असतं आणि ते जास्त झालं की पोट सुटतं. डॉक्टरांनी दोन सिरपांच्या जागी साध्या गोळ्या दिल्या, त्या बारीक कुटून पाण्यात कालवून द्यायला सांगितलं, आणि पोट ताळ्यावर आलं.

नळी तुंबली तर कोमट पाणी, आणि सिरिंजने हलकेच पुढे-मागे. कुणी कोल्ड्रिंक घालतं, कुणी सायकलची तार घालतं. दोन्ही करू नये. नळी मोकळी होत नसेल तर बदलायची, ती काही फार महाग वस्तू नाही.

बाटलीबद्दल आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूवरचा दाब कमी करायला दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. तेच रसायन २०२५मध्ये खोकल्याच्या एका सिरपमध्ये सापडलं. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची वीसहून अधिक लेकरं गेली. त्यांतल्या अनेकांना उपचारांसाठी आपल्या नागपूरला आणलं होतं. त्याच ऑक्टोबरात केंद्राने दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याची सिरपं देऊ नयेत असं पुन्हा बजावलं. या विषाने लघवी कमी होते, किडनी बसते. तोंडाने पिणारं मूल निदान चव वेगळी लागली तर तोंड फिरवतं. नळीवरच्या माणसाला ती सोयही नाही. म्हणून बिल घ्या, बॅच नंबर दिसेल अशी बाटली औषध संपेपर्यंत जपा, शेजाऱ्याची उरलेली बाटली वापरू नका, आणि लघवी कमी झाली तर औषध थांबवून लगेच दवाखाना गाठा.

हे सगळं करणाऱ्या बहुतेक सुना, लेकी, नाती आहेत. पहाटे धार, मग फीड, मग शेत, मधेच फीड, रात्री दोनला पुन्हा उठणं. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं आणि चूक झाली की बोलणी मात्र त्याच खातात. नगरहून, पुण्याहून पेशंट घरी सोडणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाला माझी हात जोडून विनंती आहे: डिस्चार्ज कार्डावर प्रत्येक औषधापुढे मराठीत एक ओळ लिहा. कुटायचं की नाही, किती पाण्यात, फीडच्या आधी की नंतर. आणि खोकला आला तर आधी कुणाला फोन करायचा, तो नंबर. आमच्याकडे औषधाच्या एका दुकानात आता खोकल्याची बाटली मागितली की काउंटरवरचा मुलगा विचारतो, ‘तोंडानं द्यायचं का नळीनं?’ नळीने म्हटलं की बाटली परत फळीवर ठेवतो आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, पण चिठ्ठी आणतं.